मामलेदारांचा श्रावण

मामलेदार घरात आले ते मे महिन्यात, प्लास्टिकच्या बादलीतून. आल्या आल्या त्यांनी ऋजुताची पट्टी चावली.

पट्टी तिने लांबी मोजायला पाण्यात धरली होती. सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी आलेली मुलगी. घरात नवीन प्राणी आला की आधी त्याचं मोजमाप. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं: 'लांबी साधारण चौदा सेंटीमीटर. नक्की सांगता येत नाही, कारण पट्टीवरचा चौदाचा आकडा माशाने काढून नेला.'

मासा तिला मिरकरवाड्याच्या जेट्टीवर सापडला होता. दादूच्या ट्रॉलरला त्या दिवशी सुरमईऐवजी ह्याच काळ्या माशांचा ढीग लागला होता. त्यांना बाजारात कुणी विचारत नाही. सगळे मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जातात. ऋजुता नमुने बघायला वाकली आणि ढिगातून आवाज आला, घुर्र, घुर्र.

"ताई, हात नको घालू," दादू ओरडला. "ह्यो अजून जिता हाय. परवा असल्याच एकान माझ्या भावाच्या चपलेचा अंगठा तोडलान."

झालं. चपलेचा अंगठा तोडणारा मासा म्हटल्यावर ऋजुता तिथून रिकाम्या हाताने परतणं शक्यच नव्हतं. अंग निळं-काळं, शेपटीची दोन टोकं लांब ओढलेली, आणि तोंडात पान खाऊन बसल्यासारखे लालभडक दात. ट्रिगरफिश. पाठीवरचा काटा खटक्यासारखा उभा करून कपारीत स्वतःला असा अडकवून घेतो, की ओढून निघत नाही. पुस्तकात तिने हे वाचलं होतं, त्याचं चित्र काढून मार्कही मिळवले होते. पण पुस्तकातल्या माशाने तिच्याकडे असं डोळा फिरवून कधी पाहिलं नव्हतं.

नाव बाबांनी ठेवलं. परशुराम, म्हणजे ऋजुताचे बाबा, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. टाकीपुढे उभे राहून त्यांनी चष्मा वर केला, मासा काचेवर धडकला, आणि बाबा चक्क दोन पावलं मागे सरले.

"हुबेहूब," ते म्हणाले. "आमच्याकडे एक मामलेदार होते. असेच अंगावर यायचे. दातही असेच."

तेव्हापासून घरात सगळे त्याला मामलेदार म्हणत. बाबा तर 'मामलेदार जेवले का?' असं आदरानेच विचारत.

टाकी चार फुटांची, अडीचशे लिटरची. ती हॉलमध्ये, पडवीकडच्या खिडकीला लागून ठेवली होती. खिडकीच्या अलीकडे मामलेदार, पलीकडे पडवीत बाबांची खुर्ची. मामलेदारांनी पहिल्या आठवड्यात थर्मामीटर फोडला, दुसऱ्या आठवड्यात पंपाचं झाकण उचकटलं. सोबतीला म्हणून सोडलेल्या दोन चिमुकल्या माशांना त्यांनी असं काही सळो की पळो करून सोडलं, की ऋजुताला ते दुसऱ्याच दिवशी समुद्रात पोचवावे लागले. टाकीतले दगड त्यांना कधी आहे तसे आवडले नाहीत. तोंडात खडे धरून ते डावीकडचा ढीग उजवीकडे नेत, मग उजवीकडचा डावीकडे. बाबांच्या मते हेही अगदी कचेरीसारखंच होतं. झाकण उघडं दिसलं तर तोंडातून पाण्याची चूळ सोडत, ती नेमकी पेपरच्या अग्रलेखावर पडे.

आणि सकाळी ऋजुताने काचेला बोट लावलं की ते जिथे असतील तिथून सुसाट येऊन काचेच्या आतून त्या बोटाला चावत. रोज. ह्यात राग किती आणि ओळख किती, हे तिला ठरवता येत नव्हतं. पण एका सकाळी ती उशिरा उठली, तर मामलेदार काचेशी येऊन बसलेले होते, बोटाची वाट बघत. त्या दिवशी तिने वहीत काही लिहिलं नाही. नुसतीच हसत राहिली.

सगळं असं छान चाललं होतं, आणि श्रावण आला.

आदल्या दिवशीच्या अमावास्येला घरात सुरमई, कोळंबीचं सुकं, तिसऱ्यांचे शिंपले, सगळं झालं. रात्री आईने, म्हणजे हेमाबाईंनी, सुक्या मासळीचे डबे फडक्यात बांधून माळ्यावर टाकले आणि हात धुऊन हॉलमध्ये आल्या. हेमाबाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. घरातही सूचना त्या उभ्याने देत.

"उद्यापासून श्रावण संपेपर्यंत ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत मासळीचा कण येता कामा नये. कुणासाठीही."

'कुणासाठीही' म्हणताना त्या टाकीकडे बघत होत्या.

"आई, तो मांसाहारी आहे गं!"

"आम्ही कोण आहोत मग? आम्ही राहतो ना महिनाभर?"

"त्याला काय घालू?"

"दोन वर्षं काय शिकलीस गो? शोधून काढ."

"आणि नियम मोडला तर?" हे ऋजुताच्या मोठ्या भावाने, उन्मेषने, विचारलं. तो संगमेश्वरला बँकेत होता आणि रोज मोटरसायकलने जा-ये करायचा. आगीत तेल ओतायला त्याला पगार मिळत नव्हता, तरी तो ते काम नेमाने करी.

"मोडला तर मामलेदारांची बदली," आई म्हणाली. "भगवती बंदराच्या धक्क्यावरून. डायरेक्ट."

बाबा खुदकन हसले. ऋजुताला हसू आलं नाही. तीन महिने चार काचांत राहिलेला, आयतं खाल्लेला मासा खवळलेल्या समुद्रात टाकायचा, तोही ऑगस्टमध्ये! आणि मग सकाळी बोट कुणाला दाखवायचं?

ती कामाला लागली. खडकावरचं शेवाळ आणलं, पालक वाफवला, मटार वाटले, सोयाबीनचं पीठ घेतलं, लसूण घातली, आणि सगळं चायना ग्रासमध्ये जमवून त्याचे चौकोनी तुकडे पाडले. मामलेदारांनी पहिला तुकडा तोंडात घेतला, क्षणभर विचार केला, आणि पिचकारीसारखा काचेवर मारला. दुसराही. तिसरा त्यांनी उचलून नेऊन पंपाच्या तोंडात कोंबला. चौथा आणि पाचवा तुकडा फ्रीजमधून गायब झाला. चौकशीअंती बाबांनी सांगितलं, "वड्या बऱ्या होत्या. मीठ कमी पडलंय."

तीन दिवस मामलेदारांनी अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी मात्र नवल झालं. ते तरतरीत दिसायला लागले. हिरवे तुकडे टाकले की थोडे कुरतडून बाकीचे उडवून देत, पण अंगावर तकाकी, पोट भरलेलं. ऋजुताने काचेला चिकटवलेल्या मोजपट्टीवर पुन्हा पुन्हा पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात लांबी साडेचौदाच्या पुढे गेली होती.

शाकाहारी ट्रिगरफिश! तिने कॉलेजच्या मॅडमना लांबलचक मेल पाठवला. मॅडमचं उत्तर एका ओळीचं आलं: 'फारच रंजक. नोंदी नीट ठेव.'

नोंदी ती ठेवतच होती. त्यात वागणुकीच्या काही गोष्टी मजेशीर होत्या.

'सकाळी साडेदहा. बाबा फिरून आले. त्यांची छत्री खिडकीत दिसताच मासा पृष्ठभागावर येऊन गोल गोल फिरतो. कारण अज्ञात.'

'संध्याकाळी साडेसहा. दादाचं हेल्मेट पडवीतल्या कठड्यावर ठेवलं जाताच मासा काचेवर धडका देतो. कारण अज्ञात.'

'दुपारी तीन. आई शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात स्टूल सरकवण्याचा आवाज. मासा शेपटीवर उभा राहतो. कारण अज्ञात.'

तिला वाटलं, हिरव्या आहाराने माशाची बुद्धीही तल्लख होत असावी. तसा एक परिच्छेद तिने मेलमध्ये लिहून पाठवूनही दिला.

मग तो रविवार आला. सकाळी तिने काचेला बोट लावलं आणि मामलेदार आले नाहीत.

ते वरच्या कोपऱ्यात तिरके तरंगत होते. कल्ले भराभर हलत होते, निळा रंग उतरून राखाडी झाला होता. तिने बोट त्यांच्या अगदी डोळ्यासमोर नेलं. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिला चावायचं नाकारलं.

तिने पाण्याच्या तपासणीचा डबा काढला. काचेच्या नळीत पाणी, त्यात मोजून थेंब. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते पोपटी झालं, मग हिरवं, मग आंब्याच्या पानासारखं गडद हिरवं. अमोनिया. माशासाठी सरळ विष. दुसऱ्या नळीत नायट्रेट बघितलं, तर तेही आठवड्यात आकाशाला भिडलेलं.

साठवलेल्या समुद्राच्या पाण्याचे दोनच कॅन उरले होते. ते तिने लगेच बदलून घातले, आणि पाणी उपसताना मोठा दगड जरा हलला. दगडाखाली काहीतरी गुलाबी होतं. चिमट्याने तिने ते बाहेर काढलं.

कोळंबीचं डोकं. मिशांसकट.

ती तशीच चिमटा धरून जमिनीवर बसली. दिसत होतं ते सगळं एका झटक्यात उलटंपालटं झालं. शाकाहारी मासा नव्हता. तल्लख बुद्धी नव्हती. मॅडमना दोन मेल गेले होते. पण ते सगळं नंतर. आधी हा पेच: ती आता गप्प राहिली, तर जो कोणी हे घालतोय तो उद्याही घालेल आणि मामलेदार मरतील. ती बोलली, तर नियम मोडल्याचं उघड होईल आणि मामलेदारांची बदली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. नव्या पाण्याने त्यांना जरा हुशारी आली होती. ते सरळ झाले होते, पण दगडाच्या कपारीत काटा उभा करून स्वतःला अडकवून बसले होते. आपल्याला कुणी इथून काढू नये म्हणून बसावं तसे.

मरण्यापेक्षा बदली बरी, असं तिने ठरवलं. आणि कॅलेंडर उलटं करून आकडेमोड करायला घेतली. पाण्यात नायट्रेट किती वाढलं, त्यातून हिरव्या तुकड्यांचं किती वजा करायचं, उरलेलं यायला प्रथिनं किती लागतील. उत्तर आलं तेव्हा तिने ते पुन्हा केलं. मग आणखी एकदा.

"सगळे पडवीत या," ती म्हणाली. "आत्ता. दादा, मोबाईल ठेव."

बाबा आपल्या खुर्चीत होतेच. उन्मेष दाढीचा साबण पुसत आला. आई पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी राहिली. ऋजुताने चिमट्यातलं डोकं वर धरलं.

"ह्या आठवड्यात मामलेदारांना मध्यम आकाराच्या अठ्ठावीस कोळंब्यांइतकी मासळी घातली गेली आहे. दोन-तीन इकडे तिकडे. मी एकही घातलेली नाही. उरलेलं दगडाखाली सडलं आणि पाण्याचं विष झालंय. कुणी किती घातली ते मला कळलं पाहिजे, त्यावर पाणी किती बदलायचं ते ठरणार आहे. नाहीतर तो मरेल."



"अठ्ठावीस!" उन्मेष म्हणाला. "शक्यच नाही. मी तर रोज दोनच..." आणि थांबला.

"दादा!"

"अगं तीन दिवस उपाशी होता तो! मला बघवेना. मार्केटवरून येताना दोन कोळंब्या घ्यायचो, हेल्मेटमध्ये. पण मी उंबऱ्याच्या आत आणल्या नाहीत हां. पडवीतून, खिडकीतून. आईचा शब्द मोडलेला नाही."

"बँकेच्या पाच दिवसांच्या दहा धरते," ऋजुताने लिहिलं. "अठरा राहिल्या."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा छत्रीकडे पाहत होते. छत्री त्यांच्या खुर्चीला टेकून उभी होती आणि भर उन्हाची उघडीप असूनही तिच्या टोकाशी पाण्याचं लहानसं तळं साचलं होतं.

"तिसऱ्या आहेत," बाबा म्हणाले. "आजच्या. खाडीवर तिसऱ्या काढणारा धाकू आणून देतो. मी फोडून, धुऊन, मऊ भाग तेवढाच... आणि मीही पडवीतूनच. खुर्चीवरून उठावंसुद्धा लागत नाही. चाळीस वर्षं नोकरीत मी कधी नियम मोडला नाही."

"म्हणून हल्ली ते तुमच्या पेपरवर चूळ सोडत नाहीत! रोज किती, बाबा?"

"चार. गुरुवारी सहा. गुरुवारी फार बघत होते माझ्याकडे."

तिसऱ्यांचं कोळंब्यांत रूपांतर करायला ऋजुताला अर्धं मिनिट लागलं. "साधारण नऊ. म्हणजे अजून नऊ राहिल्या."

"तुझं गणित चुकलंय," आई म्हणाली.

"तीनदा केलंय."

"चौथ्यांदा कर. ह्या दोघांनीच जास्त घातली असेल. पुरुषांचे आकडे कधी बरोबर असतात?"

"आई, माझ्याकडे एक प्रयोग आहे," ऋजुता हळूच म्हणाली. "बाबा, छत्री खिडकीत धरा."

बाबांनी छत्री धरली. मामलेदारांनी कपारीतून काटा खाली केला आणि नाक बाहेर काढलं.

"दादा, हेल्मेट."

मामलेदार अर्धे बाहेर आले.

ऋजुता आईच्या बाजूने वाट काढत आत गेली. स्वयंपाकघरातलं स्टूल तिने दोन्ही हातांनी धरलं आणि फरशीवरून सरकवलं. खर्रर्र.

पडवीतून उन्मेषची किंकाळी ऐकू आली. ती धावत बाहेर आली. मामलेदार, मघापर्यंत मरायला टेकलेले मामलेदार, टाकीच्या मधोमध शेपटीवर उभे होते, तोंड उघडं, लाल दात बाहेर, आणि अख्खं अंग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून असे थरथरत होते, की जणू साहेबांची गाडी फाटकात शिरली आहे.

आईने पदर तोंडाला लावला. काही वेळ कळेना की ती रडते आहे की काय. मग तिचे खांदे हलायला लागले.

"सोडे," ती पदराआडून म्हणाली. "माळ्यावरच्या डब्यातली सुकी कोळंबी. दोन-दोन. कोमट पाण्यात भिजवून."

"हेमा!" बाबा खुर्चीतून उठलेच. "तू! फडक्याला तीन गाठी मारल्या होत्यास!"

"म्हणून तर स्टूल लागायचं," आई म्हणाली. "आणि मी काय मोडलं? घरात कण यायला नको म्हणाले होते. मी काही आणलं नाही. डबा आषाढापासून घरातच आहे."

ह्यावर उन्मेष पडवीच्या पायरीवर आडवाच पडला. बाबा हसता हसता चष्मा शोधू लागले, जो त्यांच्याच डोळ्यांवर होता. चिमटा हातात धरून ऋजुताही हसत सुटली, आणि कोळंबीच्या डोक्याच्या मिशा थरथरत राहिल्या.

पण पाणी अजून निम्म्याहून जास्त खराब होतं. "उठा," ती डोळे पुसत म्हणाली. "कॅन, बादल्या, दोरी. भरतीला तासच आहे. मांडवीला जायचं नाही, तिथे खाडीचं गोडं पाणी मिसळतं. भगवती बंदर."

बंदराचं नाव निघालं तसे बाबा आणि उन्मेष जागीच थांबले. आईने मात्र दोन कळश्याही उचलल्या.

धक्क्यावर वारा अंगावर येत होता. दादूला फोन केला होता. तो दोरी बांधून पाणी ओढून देत होता आणि ऋजुता प्रत्येक बादलीतला थेंब खारटपणा मोजायच्या दुर्बिणीत बघून 'चालेल', 'हे नको' असं सांगत होती. पावसाळ्यात समुद्र पातळ होतो, म्हणून टाकीतलं मीठही तिने आषाढापासून थोडं थोडं उतरवत आणलं होतं. ह्याचा तिला आज प्रथमच अभिमान वाटला. बाबा कॅनची झाकणं सांभाळत होते. मुख्याध्यापिका बाई साडी खोचून कळशी काखेत घेऊन उभ्या राहिलेल्या बघून दादू म्हणाला, "काकी, मासा खायचा सोडून त्याला पाणी पाजताय?"

"श्रावण आहे," आई म्हणाली. "पुण्य लागतं."

दुपारपर्यंत टाकीतलं दीडशे लिटर पाणी बदललं, दगड उचलून खालची घाण उपसली. नळीतलं पाणी पुन्हा फिकट पिवळं दिसलं. मामलेदार टाकीच्या तळाशी बसून होते. चौघं टाकीपुढे जमिनीवर बसली.

"आता नियमाचं बोलू," आई म्हणाली.

ऋजुताने मान खाली घातली. हसण्याच्या भरात तिला वाटलं होतं, हे राहून जाईल.

"मासळी आली. कशी आली, कुठून आली, त्याला अर्थ नाही. आली. ठरल्याप्रमाणे बदली झाली पाहिजे. पण धक्क्यावर नेऊन सोडायचं कुणी? मी मोडलाय नियम, माझ्या हातून शोभणार नाही. ह्यांनी मोडलाय. उन्मेषने मोडलाय." आईने पदर सारखा केला. "एकटीने पाळलाय. तिनेच सोडावं. तिला वाटेल तेव्हा."

ऋजुताने वर बघितलं. आईचा चेहरा शाळेतल्यासारखा कडक होता. फक्त डोळे टाकीकडे होते.

"मला ह्या आठवड्यात जमणार नाही," ऋजुता म्हणाली.

"पुढच्या?"

"पुढच्या आठवड्यात नोंदी आहेत."

"मग काय, तुझ्या सवडीने. मी काही मध्ये बोलणार नाही." आई उठली, आत गेली, आणि स्टूल सरकल्याचा आवाज आला. खर्रर्र. माळ्यावरचा डबा खाली आला, फडकं सुटलं, आणि डबा सगळ्यांदेखत ऋजुताच्या मांडीवर ठेवला गेला. "रोज किती ते तू वजन करून घालायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अहो, ऐकलंत? छत्री आत द्या."

ऋजुताने सवयीने काचेला बोट लावलं. तळाशी बसलेल्या मामलेदारांनी एक डोळा फिरवला, मग दुसरा. आणि सुसाट वर येऊन काचेच्या आतून त्या बोटाला असे काही चावले, की दातांचा टक्क आवाज चौघांनाही ऐकू आला.

संध्याकाळी तिने मॅडमना मेल लिहिला: मासा शाकाहारी नाही, चूक माझी, नोंदी सोबत जोडत आहे. मग वही उघडून तीन ठिकाणचं 'कारण अज्ञात' खोडलं आणि प्रत्येकापुढे एकेक नाव लिहिलं. फ्रीजमध्ये हिरव्या तुकड्यांची अख्खी थाळी उरली होती, त्याचं काय करायचं ह्याचा विचार करत ती स्वयंपाकघरात गेली, तर बाबा थाळीपुढे उभे होते. हातात मिठाची वाटी होती.